'लॉ अँड ऑर्डर'चा पहिला एपिसोड आणि त्यामागची लिबी झायन

'लॉ अँड ऑर्डर' या अमेरिकन टीव्ही मालिकेबद्दल बोलायला लागलं की सगळे नंतरच्या सीझन्सवर जातात, जेरी ऑरबाकचा डिटेक्टिव्ह ब्रिस्को, सॅम वॉटरस्टनचा सरकारी वकील मकॉय, आणि ते बरोबरच आहे म्हणा, ते दोघे आहेतच तसे. पण मला लिहायचंय ते अगदी पहिल्या एपिसोडबद्दल, 'प्रिस्क्रिप्शन फॉर डेथ', १३ सप्टेंबर १९९० ला एनबीसी या चॅनेलवर आलेला. खरं तर शूट झाला त्या हिशोबाने हा पहिला नाही. पायलट, म्हणजे चॅनेलला दाखवायचा नमुना एपिसोड, १९८८ मध्येच सीबीएस या दुसऱ्या चॅनेलसाठी बनवून झाला होता, सीबीएसने मालिका घेतली नाही, आणि एनबीसीने नंतर तो पायलट सहावा एपिसोड म्हणून दाखवला. त्यामुळे प्रेक्षकांना ही मालिका पहिल्यांदा भेटली ती न्यूयॉर्कमधल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सी रूममध्ये.

गोष्ट थोडक्यात अशी. एक तरुण मुलगी इमर्जन्सीत येते आणि तिथेच मरते. तिचा बाप हे मान्यच करायला तयार नाही की असं होऊ शकतं, हॉस्पिटलात पोरगी बरी व्हायला आणली होती. ग्रीव्ही आणि लोगन हे दोघे डिटेक्टिव्ह चौकशीला लागतात आणि हळूहळू दिसायला लागतं की तिथला वरिष्ठ डॉक्टर, ज्याला सगळे मानतात, तो त्या रात्री प्यायलेला होता. पुढे केस सरकारी वकील बेन स्टोनकडे जाते, मग कोर्ट. शेवट सांगत नाही, तुम्हीच बघा.

या मालिकेचा साचा सगळ्यांना पाठ आहे, पहिला अर्धा तास पोलीस, दुसरा अर्धा तास सरकारी वकील. पण पहिल्याच एपिसोडला त्यांनी तो साचा कशावर वापरला बघा. चाकू नाही, पिस्तूल नाही, गल्लीत पडलेलं प्रेत नाही. पहिला अर्धा तास पोलिसांना हेच शोधायचंय की इथे गुन्हा झालाय की नाही! डॉक्टरांच्या जगात शिरायचं म्हणजे औषधांची नावं, चार्टवरच्या नोंदी, ड्युटीवर कोण होतं, ऑर्डर कोणी दिली. आणि एकमेकांना सांभाळून घेणारी माणसं. साक्षीदाराला खोटं बोलायची गरजच नसते, तो फक्त जेवढ्यास तेवढं बोलतो. मला ही चौकशी मालिकेतल्या कितीतरी खुनांच्या चौकशीपेक्षा जास्त धरून ठेवते.

आता खरी घटना. हा एपिसोड लिबी झायनच्या केसवर बेतलेला आहे. लिबी १८ वर्षांची, कॉलेजात शिकणारी. ४ मार्च १९८४ च्या रात्री ताप, अंगात थरथर, झटके आणि अस्वस्थपणा म्हणून तिला मॅनहॅटनमधल्या न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये आणलं. तिला बघणारे दोघे, एक पहिल्या वर्षाची इंटर्न आणि एक दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे हॉस्पिटलात काम करत शिकणारा डॉक्टर. घरच्या डॉक्टरांशी बोलणं झालं ते फोनवर. लिबी आधीपासून फेनेल्झीन नावाचं डिप्रेशनचं औषध घेत होती आणि तिला थरथर थांबावी म्हणून मेपेरिडीन दिलं गेलं, म्हणजे आपण ज्याला पेथिडीन म्हणतो ते. ही दोन औषधं एकत्र आली तर जिवावर बेतू शकतं. पुढे ती आणखी बेचैन झाली तर इंटर्नने तिला बांधून ठेवायची ऑर्डर दिली, शांत करायला हॅलोपेरिडॉल दिलं, कारण त्या रात्री त्या इंटर्नकडे साधारण ४० पेशंट होते आणि ती दुसऱ्यांना बघत फिरत होती. पहाटे लिबीचा ताप १०७ डिग्री फॅरनहाइटवर गेला, आणि सकाळी ती गेली.

हे लिहितानाही पोटात कसंतरी होतं.

तिचे वडील सिडनी झायन पत्रकार होते आणि वकीलही. त्यांनी ठरवलं की ही मुलगी एखाद्या दुर्मिळ आजाराने गेली नाही, तिला अशा लोकांच्या हाती सोपवलं जे ३६-३६ तास सलग काम करतात, आणि ज्यांच्यावर लक्ष ठेवायला त्या वेळी जागेवर वरिष्ठ कोणी नसतो. त्यांना यावर खुनाचा खटला हवा होता. मॅनहॅटनचे डिस्ट्रिक्ट अटर्नी (डीए, म्हणजे मुख्य सरकारी वकील) रॉबर्ट मॉर्गेनथॉ यांनी प्रकरण ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांसमोर नेलं, जे वैद्यकीय चुकीच्या केसमध्ये सहसा होत नाही. (मालिकेतला म्हातारा डीए अॅडम शिफ याच मॉर्गेनथॉवर बेतलाय, म्हणजे खरा माणूस आणि त्याची पडद्यावरची सावली दोघांच्याही टेबलावर तीच फाइल आली.) ग्रँड ज्युरीने कुणावरही खुनाचा आरोप ठेवला नाही. पण एक रिपोर्ट दिला, आणि त्यात बोट ठेवलं ते व्यवस्थेवर, नवख्या डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर आणि त्यांच्यावर वरिष्ठांची देखरेख नसण्यावर.

आता एपिसोडकडे परत या आणि फरक बघा. खऱ्या रात्री वरिष्ठ माणूस, म्हणजे घरचा डॉक्टर, फोनवर होता. एपिसोडमध्ये वरिष्ठ माणूस हजर आहे, पण प्यायलेला. लेखकांनी बदललेली ही एकच गोष्ट अख्खी केस फिरवते, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच.

न्यूयॉर्कच्या कायद्यात मृत्यूला जबाबदार धरण्याच्या पायऱ्या आहेत. धोका समोर दिसतोय, तो मोठा आहे हे कळतंय आणि तरी माणसाने जाणूनबुजून दुर्लक्ष केलं तर तो बेदरकारपणा, आणि त्यातून कुणी मेलं तर दुसऱ्या दर्जाचा सदोष मनुष्यवध. धोका दिसायला हवा होता पण दिसलाच नाही, तर गुन्हा खालच्या पायरीचा. यात दारूची खास सोय आहे: स्वतःहून प्यायल्यामुळे धोका कळला नाही असं कुणी म्हणालं तर कायदा म्हणतो, चालणार नाही, तूसुद्धा बेदरकारच. म्हणजे डॉक्टरच्या हातात ग्लास दिला की स्टोनचं काम सोपं नाही तरी शक्य होतं. पण सलग कामामुळे ज्याचे डोळे मिटतायत त्याच्यासाठी असं कलम नाही. तो स्वतःच्या मर्जीने जागा नसतो, त्याला रोस्टरने, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाने, जागं ठेवलेलं असतं. मग आरोप कोणावर ठेवणार, रोस्टरवर?

कोर्ट ड्रामाला आरोपीच्या जागी बसवायला एक माणूस लागतो, नाव असलेला, चेहरा असलेला, ज्याच्याकडे बघून ज्युरी उभी राहून निकाल सांगेल. लेखकांनी तो माणूस तयार केला आणि त्यासाठी मी त्यांना दोष देणार नाही, तासाभराची गोष्ट सांगायची तर काहीतरी धरावंच लागतं, आणि पहिल्याच एपिसोडमध्ये इतकी ताजी जखम उघडायला हिंमत लागते. पण प्रेक्षक एपिसोड संपल्यावर हे घेऊन उठतो की एक डॉक्टर वाईट निघाला, त्याला पकडलं की झालं. लिबीच्या केसमध्ये एकही डॉक्टर प्यायलेला नव्हता! दोघंही त्या रात्री तेच करत होते जे त्या काळातले हजारो ज्युनियर डॉक्टर रोज करत होते, आणि मला वाटतं, भीतीदायक ते आहे.

बापाची भूमिका जॉन स्पेन्सरने केलीय, पुढे 'द वेस्ट विंग'मध्ये लिओ मगॅरी झालेला तोच. मालिका नवी होती, तो फक्त पाहुणा कलाकार होता, पण त्याचं काम बघाच. असा बाप पडद्यावर सहज रडका होतो, स्पेन्सर त्याला होऊ देत नाही. त्याचा राग लोकांना अडचणीचा वाटेल असाच आहे.

खऱ्या बापाने तो राग वर्षानुवर्षं धरून ठेवला. त्याचा परिणाम १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात दिसला: रेसिडेंट डॉक्टरांना आठवड्याला सरासरी ८० तास आणि सलग २४ तासांपेक्षा जास्त काम नाही, शिवाय वरिष्ठ डॉक्टरांची देखरेख सक्तीची. लोक त्याला लिबी झायन कायदाच म्हणतात. एपिसोड आला तेव्हा हा नियम नुकता कुठे लागू झाला होता, पण झायन कुटुंबाचा डॉक्टरांवरचा आणि हॉस्पिटलवरचा दिवाणी दावा अजून चालायचा होता. तो खटला टीव्हीवर दाखवला गेला आणि १९९५ मध्ये निकाल लागला तो कुणालाच पुरता पटेल असा नव्हता. ज्युरीने चुकीचं औषध दिल्याबद्दल डॉक्टरांना जबाबदार धरलं, पण अर्धा दोष लिबीवरच टाकला, तिने कोकेन घेतलं होतं आणि ते सांगितलं नाही म्हणून. आणि एका इंटर्नवर इतके पेशंट टाकणाऱ्या हॉस्पिटलला मोकळं सोडलं. ग्रँड ज्युरीने जिथे बोट ठेवलं होतं नेमकं तेच या ज्युरीने सोडून दिलं. निकाल वाचल्यावर मला एपिसोडच्या लेखकांचा विचार आला, कारण खऱ्या कोर्टातही शेवटी चेहरेच सापडले.

अख्ख्या अमेरिकेत ८० तासांची मर्यादा यायला २००३ उजाडलं. २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांना सलग १६ तासांपुढे ठेवायचं नाही असं ठरलं, आणि २०१७ मध्ये ते पुन्हा २४ तासांवर नेलं, वर पेशंट दुसऱ्याच्या हाती सोपवायला ४ तास. मागे नेणाऱ्यांचंही एक म्हणणं आहे, की डॉक्टर सारखे बदलले की एकाकडून दुसऱ्याकडे जाताना महत्त्वाची माहिती गळते, आणि ते मी खोटं मानत नाही. तरीही २८ तास जागी असलेली पहिल्या वर्षाची डॉक्टर आणि तिच्या हातातला औषधांचा चार्ट, यावर या मालिकेने आता एक एपिसोड करावा असं मला मनापासून वाटतं, मालिका २०२२ पासून परत सुरू झालीच आहे. आणि या वेळी कोणाच्याही हातात ग्लास देऊ नये.