आमची वाटचाल: माथेरानची गाडी सापडेना

२००७ साली ठाण्याच्या नौपाड्यात, पिठाच्या गिरणीवरच्या माळ्यावर, दोन कॉम्प्युटर आणि एक भागीदार एवढ्यावर आम्ही वेबसाइटचं काम सुरू केलं. दवाखाने, क्लास, एक मंगल कार्यालय. ती वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते २०१५ चं. आमचे सगळे मेनू माऊस त्यांच्यावर नेला की खाली उलगडणारे. भागीदाराचा त्यात हात बसलेला, आणि मिरवायचो मी. फोनवर माऊस कुठला? बोट टेकलं की मेनू उलगडायच्या आत पानच बदलायचं. त्यात २१ एप्रिलपासून गूगल मोबाइलवरच्या शोधात फोनला जमणाऱ्या साइट वर घ्यायला लागलं. गिऱ्हाइकं खवळली. जूनमध्ये भागीदाराने ‘जरा वेगळं करून बघतो’ म्हणत चावी टेबलावर ठेवली. वेगळं म्हणजे रस्त्यापलीकडे, आमच्याच गिऱ्हाइकांची यादी घेऊन. गणपतीपर्यंत बावीसातले चार उरले. तीन महिन्यांचं भाडं थकलं. गिरणीवाल्याने एका शब्दाने विचारलं नाही, हे मुद्दाम लिहितो. बाकी सगळ्यांनी विचारलं.

त्या चारांत गार्डकाका. मध्य रेल्वेतून निवृत्त. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, हे ते नव्या माणसाला दुसऱ्याच वाक्यात सांगणार. त्यांची रेल्वेच्या छंदाची साइट, ३१२ पानं. मेनू थेट त्यांच्या डोक्यातून उतरलेला, रुळांच्या रुंदीवरून (म्हणजे गेजवरून): ‘ब्रॉडगेज’, ‘मीटरगेज’, ‘अडीच फुटी’, ‘दोन फुटी’ आणि ‘इतर’. एकट्या ‘इतर’मध्ये १४० पानं! छंदाच्या साइटवर ‘इतर’ म्हणजे घरातला पोटमाळा. एकदा केला की सगळं तिथेच जातं.

गिरणीवाल्याची मुलगी चहा घेऊन वर आली होती. तिच्या हातात फोन दिला, म्हटलं, माथेरानची गाडी शोध. तिने ‘मीटरगेज’ उघडलं, मग ‘इतर’, तिथे बराच वेळ अंगठा फिरवला, पुन्हा ‘मीटरगेज’. काका खुर्चीतून उठायला लागले, मी त्यांचा हात दाबून धरला. (माणूस शोधत असताना सांगायचं नाही. सांगितलंत की चाचणी संपली.) “नाहीये यात,” म्हणून तिने फोन परत दिला. गाडी ‘दोन फुटी’त होती. तिच्यासाठी ती माथेरानची गाडी. रूळ किती रुंद, याच्याशी तिला काय करायचंय?

मंगल कार्यालयवाल्यांकडून उरलेल्या पत्रिका आणल्या, मागच्या कोऱ्या बाजूला एकेका पानाचं नाव लिहिलं आणि फरशीवर पसरल्या. दळण होईपर्यंत खाली थांबलेल्यांना वर बोलावून ढीग लावायला सांगितलं. जवळजवळ सगळ्यांनी गावावरून लावले. त्यावरून ठरलं: ‘मार्ग’, ‘स्थानकं’, ‘इंजिनं-डबे’, ‘तिकिटं’, ‘आठवणी’. भांडण झालं ते बार्शी लाइट या जुन्या रेल्वेमार्गावरून. बांधली अडीच फुटी, आज ब्रॉडगेज, ठेवायची कुठे? काका दोन दिवस बोलले नाहीत. शेवटी पान एकच, पत्ता एकच, त्याकडे जाणारे दुवे दोन. काकांचे गेज ‘मार्ग’च्या आत दुसरी वाट म्हणून राहिले.

पानागणिक मेनू चिकटवलेला असल्यामुळे त्याची अकरा रूपं झाली होती. तो उचलून एका फाइलीत ठेवला, सगळी पानं तिथूनच घेतात. जुने पत्ते ३०१ (पान कायमचं हलवलंय, हे ब्राउझरला सांगणारा आकडा) लावून नव्याकडे वळवले, लोकांनी जपून ठेवलेले असतात ते. आणि आता कुणी न विचारता सांगतो: मेनूत जो शब्द, तोच पानाच्या डोक्यावर. मेनूत ‘तिकिटं’ आणि पानावर ‘प्रवासाचे कागदी साक्षीदार’, हे लाड नकोत. कुठल्या विभागात आहोत ते ठळक दिसू दे. आणि मेनूची जागा, क्रम बदलू नका, कितीही कंटाळा आला तरी.

काकांची साइट दाखवूनच पुढची नऊ कामं मिळाली. रस्त्यापलीकडच्यांनीही वर्षभरात एका छंदमंडळाला ‘स्वतःचा’ मेनू करून दिला. आमचेच पाच शब्द, त्याच क्रमाने. ‘इंजिनं’वरचा अनुस्वार आमच्याकडून पहिले दोन महिने राहून गेला होता, तोही तसाच राहिलेला.

काका अजून दर १६ एप्रिलला डोमेनचे पैसे रोख घेऊन माळा चढतात. पत्रिकांचा खोका कपाटावर आहे. यंदा त्यांनी खिशातून नवी पत्रिका काढली, नातवाच्या मुंजीची, मागे लिहिलेलं ‘शकुंतला, यवतमाळ’, म्हणजे तिकडची जुनी अडीच फुटी गाडी. म्हणाले, “हे कुठे बसवायचं, त्या पोरीला विचार.”