घंटेच्या कोणत्या बाजूला

दक्षिण आफ्रिकेतल्या या वाइनच्या मळ्यावर संध्याकाळी पाहुण्यांना वाइन-टेस्टिंगसाठी बोलावायला अंगणातली घंटा वाजवली आणि मी सगळ्यांच्या आधी उठून उभी राहिले, एवढेच घडले. सून रश्मी हसून म्हणाली, "आई, तुमची शाळा सुटली आता," आणि मीही हसले. मग पेल्याबरोबर दिलेल्या पत्रकात वाचले की दोन पांढऱ्या खांबांमधली ही घंटा गुलामांना पहाटे कामावर बोलावण्यासाठी बांधली होती. तेव्हापासून मनात काहीतरी रुतून बसले आहे आणि आता सगळे झोपले तरी ते निघत नाही.

केपमध्ये, म्हणजे आफ्रिकेच्या या दक्षिण टोकाला, पहिली वाइन 1659 साली डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात निघाली आणि 1679 मध्ये सिमोन व्हान डर स्टेलने स्टेलनबॉश वसवले, हे माझ्या मुलाने, अमेयने, विमानातच वाचून दाखवले होते. या बागांत राबणारे हात मादागास्कर, मोझांबिक, आजचा इंडोनेशिया आणि आपल्याकडचे बंगाल, मलबार, कोरोमंडल इथून जहाजांत भरून आणले होते, एवढे मात्र त्या वाचनात आले नाही. दप्तरात त्यांच्या नावापुढे 'बंगालचा', 'मलबारचा' असे लागे, की झाली ओळख. 1 डिसेंबर 1834 रोजी गुलामी कायद्याने संपली, तीही पुढची चार वर्षे बहुतेकांनी त्याच मालकांकडे 'उमेदवार', म्हणजे शिकाऊ कामगार, म्हणून राबावे या अटीवर. आणि मजुरीचा काही भाग म्हणून हलकी वाइन पाजण्याची 'डॉप' पद्धत तर विसाव्या शतकातही चालू राहिली. ही वळणदार पांढऱ्या माथ्यांची घरे, शाकारलेली छपरे आणि ओकच्या रांगा मात्र फार सुंदर आहेत. माझी अडचण तीच आहे.

आधी वाटले, आपल्याच किनाऱ्यांवरची माणसे होती म्हणून मला लागले असावे. पण ते काही खरे नव्हे. मी नाशिककडच्या पिंपळगावच्या द्राक्ष बागायतदाराची मुलगी आहे. छाटणीला आणि पुढे घडांतले जास्तीचे मणी काढायला, म्हणजे विरळणीला, पेठ-सुरगाण्याकडची टोळी यायची, मुकादम आधी उचल घेऊन जायचा, मळ्याच्या कडेला त्यांची पाले पडायची आणि सकाळी आई पत्र्याच्या डब्यावर पळी वाजवायची, म्हणजे कामाला लागायचे. दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हिशोब चोख असे आणि कोणालाही कोणी विकत घेतलेले नव्हते. मजुरी म्हणजे गुलामी नव्हे, हे मी अंथरुणावर पडल्यापडल्या स्वतःला पुनःपुन्हा बजावते आहे आणि ते अगदी बरोबरही आहे. तरीही त्या डब्याचा आवाज ऐकून मी कधी उठले नव्हते, कारण तो माझ्यासाठी नसायचाच; आणि आज इथल्या घंटेला मात्र उठले. मग मी घंटेच्या कोणत्या बाजूची?

साठीनिमित्त मुलाने हौसेने एवढ्या लांब आणावे आणि आईने मध्यरात्री उठून हे उगाळत बसावे, याला काय म्हणायचे? बाकी सगळे मजेत आहेत. साधे सुख साधेपणाने घेणे मलाच कधी जमले नाही. लग्नातही मी पंगतीत वाढणाऱ्यांकडेच बघत बसले होते. हे असते तर म्हणाले असते... पण तो विषय आज नको.

खरे सांगायचे तर सकाळी बागेत फिरताना माझ्यातला गुलामही जागा नव्हता आणि इतिहासही. जागी होती ती निव्वळ बागायतदारीण. घड उचलून पाहिले तर मणी वाटाण्याएवढेच, आणि पहिला विचार आला की यांनी जीएची, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडची, बुडवणी केलेलीच दिसत नाही, दादांनी पाहिले असते तर माणसे फैलावर घेतली असती. वाइनला मणी लहानच लागतो, कारण रंग आणि चव सालीत असते, हे मार्गदर्शक मुलाने नम्रपणे सांगितले, आणि मी नाराजीनेच मान्य केले. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या करून वेलीला झोपूच देत नाहीत; इथली वेल हिवाळाभर झोपते आणि एकाच छाटणीवर भागते. पृथ्वीचे गोलार्ध वेगळे असूनही फेब्रुवारीत तोडा दोन्हीकडे चालू असतो, हे मी त्या मुलाला इतक्या अभिमानाने सांगितले की जणू ती व्यवस्था मीच लावली होती. तोडणारी माणसे पलीकडच्या ओळीत होती. त्यांना दिवसाची मजुरी किती मिळते, हे मात्र त्याला विचारले नाही, कारण मग त्यानेही उलट तेच विचारले असते.

असो. खोलीचे भाडे रश्मी मला सांगत नाही, यावरून ते किती असेल याचा अंदाज आहे. उद्या सकाळी पोटभर न्याहारी करायची आणि मजुरीचेही विचारायचे, असे ठरवले आहे. माझा आकडा मला ठाऊक नसला तरी दादांना फोन करून तयार ठेवता येईल. चहाच्या ट्रेमधली बिस्किटे मात्र आताच पिशवीत टाकली, कारण ती भाड्यात धरलेली असणारच.