टुंड्रा लॉग: फॅलारोपची घरटी सापडायला लागली!

मंडळी, अलास्काच्या पार उत्तरेला उत्कियाग्विक (जुनं नाव बॅरो), जून संपत आलाय. मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत इथे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे आमच्या घरटी शोधणाऱ्या टीमचं काम आटपलं की रात्री अकरालाही बायनॉक्युलर घेऊन निघता येतं आणि मी निघतोच.

सेमीपामेटेड सँडपायपर या छोट्या पाणथळ पक्ष्याचं घरटं शोधायला दोघं जण लांब दोर टोकांना धरून गवतावरून ओढत नेतात, पक्षी अगदी दोर जवळ येईस्तोवर दबून बसतो, उठला की ती जागा नजरेतून सोडायची नाही. रेड फॅलारोप या छोट्या पाणपक्ष्यासाठी मात्र माझ्या मते नुसतं बसून बघणंच बेस्ट. यांच्यात मादी जास्त लालभडक, अंडी घालून ती मोकळी, कधीकधी दुसरा नरही शोधते, आणि उबवायचं काम फिकट रंगाच्या नराचं. तो डबक्यात किडे टिपायला येतो, मग गवतातून थांबत थांबत परत जातो आणि एका जागी दिसेनासा होतो, बस, तिथेच घरटं! चार अंडी, निमुळती टोकं आत, आपल्या टिटवीसारखीच मांडलेली, फक्त इथे गवताची खोलगट वाटी असते.

अंड्यांचं वय कळायला टीममधले परवानगी असलेले लोक अंडं पाण्यात सोडतात, ताजं असेल तर तळाशी आडवं पडतं, उबवण पुढे गेली की आतली हवेची जागा वाढते, मग जाड टोक वर करून उभं राहतं आणि शेवटी तरंगतं. त्यावरून पिल्लं कधी निघतील याचा अंदाज येतो. खुणेची काडी घरट्यापासून लांब लावायची, अंडी-पिल्लं खाणारे जेगर (समुद्रपक्षी) आणि कोल्हे फिरत असतात.

आपल्याकडे हिवाळ्यात चिखलावर दिसणारे लिटल स्टिंट असेच टुंड्रात वाढतात, ते सायबेरियातल्या, पण हे सगळं बघितल्यावर त्यांच्याकडे बघायची नजरच बदलते खरं सांगतो.

आता पुढचं काम म्हणजे रिकामी घरटी तपासणं. पिल्लं निघाल्यावर लगेच घरटं सोडतात, मोठी टरफलं पालक उचलून नेतात, पण तळाशी गवतात टरफलांचे बारीक कण राहतात. ते सापडले तर पिल्लं निघाली असं धरायचं, त्यामुळे तळ बोटांनी हळूच चाचपून बघा, नुसतं वरून बघून रिकामं लिहू नका.