तिसरे नाणे

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत वजनांची एकच पेटी आहे आणि तिच्यातली लहान वजने केव्हाच हरवली आहेत. त्यामुळे सातवीच्या वर्गाला ‘बल’ हा भाग शिकवताना मी वजनांऐवजी पाच रुपयांची नाणी वापरतो. हलकी स्प्रिंग स्टँडला टांगायची, तिच्या खालच्या टोकाला चहाचा कागदी कप दोऱ्याने बांधायचा, मागे मोजपट्टी उभी करायची आणि कपात एकेक नाणे सोडून स्प्रिंग किती मिलिमीटर लांबली ते वहीत लिहायचे, एवढाच प्रयोग. नाण्यांची संख्या आडव्या अक्षावर आणि लांबीतील वाढ उभ्या अक्षावर घेतली की आलेख सरळ रेषेत येतो. ताणकाट्यावरच्या खुणा समान अंतरावर का असतात, हे समजावून द्यायला मग वेगळे काही करावे लागत नाही.

त्या दिवशी मी सवयीप्रमाणे तासाच्या सुरुवातीलाच फळ्यावर नियम लिहिला: बल दुप्पट केले की लांबीतील वाढ दुप्पट होते. रॉबर्ट हूकने हा नियम 1676 मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि त्याचा उलगडा 1678 मध्ये केला, ही गोष्टही सांगितली, कारण मुलांना ती आवडते. मग आठ गट कामाला लागले. मुलांनी नाणी घरून आणली होती, प्रत्येक गटाकडे सहा.

अर्ध्या तासाने वह्या पाहिल्या, तेव्हा सात गटांचे आलेख पट्टी लावून ओढल्यासारखे सरळ होते: 6, 12, 18, 24, 30, 36. आठव्या गटाचा आलेख मात्र तिसऱ्या नाण्यापाशी एकदम वर उचलला होता आणि पाचव्यापाशी पुन्हा. त्यांचे आकडे 6, 12, 21, 27, 36, 42 असे होते. मी लाल शाईने ‘पुन्हा मोजा’ असे लिहिले आणि कप हलताना वाचन घेऊ नये, डोळा मोजपट्टीच्या समोर ठेवावा, वगैरे नेहमीच्या सूचना दिल्या.

“सर, मी तीनदा मोजलं,” त्या गटातली मुलगी म्हणाली. एरवी ती वर्गात फारशी बोलत नाही.

“मग चौथ्यांदा मोज,” मी म्हणालो. या उत्तराची मला आजही लाज वाटते.

तिने चौथ्यांदा मोजले, पण या वेळी तिसरे नाणे सर्वांत आधी कपात टाकले. स्प्रिंग पहिल्याच नाण्याला 9 मिलिमीटर लांबली. तिने मला हाक मारून ते दाखवले आणि शांतपणे म्हणाली, “सर, चूक नाण्याबरोबर फिरतेय.”

मी नाणे हातात घेतले. ते जुन्या पद्धतीचे, पांढरट आणि जाड कडेचे होते. शेजारी पिवळसर, पातळ नाणे ठेवले तर दोन्हींचा व्यास सारखाच, परंतु तळहातावर घेतल्यावर फरक न जाणवणे अशक्य होते. मी इतकी वर्षे ही नाणी वापरत आलो आणि त्यांच्यावरचा पाचाचा आकडा सोडून दुसरे काही पाहिलेच नव्हते. बाजारात दोघांची किंमत एक आहे, पण स्प्रिंगला किमतीशी काय देणेघेणे?

मधल्या सुट्टीत आम्ही दोघे-तिघे शाळेसमोरच्या सोनाराकडे गेलो. “सर, मोड द्यायला आणलंय का काय?” असे विचारत त्यांनी नाणी काचेच्या पेटीतल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. पिवळे नाणे 6 ग्रॅमचे निघाले आणि जाड नाणे, झिजेमुळे असेल, 9 ग्रॅमला किंचित कमी. म्हणजे एका ग्रॅममागे स्प्रिंग जवळजवळ 1 मिलिमीटर लांबत होती. परत आल्यावर मुलीने आडव्या अक्षावरची नाण्यांची संख्या खोडली, तिथे ग्रॅम लिहिले आणि तेच सहा आकडे पुन्हा मांडले. सहाही बिंदू एका रेषेवर आले. मोजमाप पहिल्यापासून बरोबर होते. आडव्या अक्षावर मी सांगितलेली राशीच चुकीची होती, कारण स्प्रिंगला ओढते ते वजन आणि मी मोजायला लावली होती संख्या.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती कौतुकाने सांगत फिरलो असतो. परंतु नाणी परत करण्यासाठी मी उरलेले सात कप रिकामे केले, तेव्हा त्यांपैकी चार कपांत एखादे तरी जाड नाणे निघाले. त्या चारही गटांचे आलेख सरळ होते! मुलांनी पहिले नाणे मोजले, फळ्याकडे पाहिले आणि पुढचे आकडे पाढा म्हणावा तसे लिहून काढले. रागवायला तोंड उघडले खरे, पण उत्तर मीच आधी फळ्यावर लिहून ठेवले होते आणि त्याच्याशी जुळणाऱ्या वह्यांवर ‘छान’ असा शेराही मीच दिला होता.

त्या रात्री मी जुलैमधला परिसंस्थेच्या प्रकल्पाचा गठ्ठा पुन्हा काढला. मैदानावर सुतळीने एक मीटरचा चौरस आखून त्यातल्या वनस्पती आणि कीटक मोजायचे, असे ते काम होते. मुंग्यांच्या रकान्यात एका वहीत 10, दुसरीत 20, तिसरीत 15, पुढे पुन्हा 20. मैदानावरच्या मुंग्या पाचाच्या पटीत हिंडतात, हे मला तेव्हा खटकले नव्हते. याच मुलीच्या वहीत मात्र लिहिले होते, ‘मुंग्या नीट मोजता आल्या नाहीत, सारख्या ये-जा करत होत्या. 20 ते 30 असतील.’ त्याखाली माझा लाल शेरा होता: ‘नक्की संख्या लिही.’ मी एक गुणही कापला होता.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून तो शेरा तिच्यासमोर खोडला आणि गुण वाढवला. गुणाकडे तिने फारसे लक्ष दिले नाही. वहीकडे पाहत तिने विचारले, “पण सर, आलेख काढायचा असेल तर बिंदू विसावर द्यायचा की तिसावर?”

माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. थोडा वेळ आम्ही दोघेही आलेखाच्या कागदाकडे पाहत राहिलो, मग तिनेच पेन्सिल घेतली आणि बिंदू न देता 20 पासून 30 पर्यंत एक लहानशी उभी रेघ ओढली.