कथील-शिशाच्या रसाचं गणित: माझा अनुभव

फोंड्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीला वापरतात ती डाखाची तार म्हणजे ६० टक्के कथील, ४० टक्के शिसं. धातू वितळून एकत्र झाले की मिश्रणाची ऊर्जा प्रमाणानुसार कशी बदलते, याच्या गणिती मॉडेलसाठी मी हीच जोडी घेतली. पण ते टक्के वजनाचे, आणि गणिताला मोल अंश (एकूण अणूंतला वाटा) लागतो. अणुभार ११८.७१ आणि २०७.२ धरले की कथलाचा मोल अंश ०.७२४ येतो. इथे घसरलं की पुढचं सगळं वाकडं.

दुसरा खड्डा संदर्भ अवस्थेचा, म्हणजे शुद्ध धातूच्या कुठल्या रूपाशी तुलना करायची त्याचा. शिसं ६००.६ केल्विनला वितळतं. ५५० केल्विनच्या मोजमापात त्याची सक्रियता (मिश्रणातला त्याचा प्रत्यक्ष प्रभाव) घन शिशाच्या तुलनेत दिलेली असते. मॉडेलला मात्र द्रव शिसं हवं. वितळण्याची उष्णता मोलमागे ४.७७ किलोजूल, म्हणून फरक ४७७० × (१ − ५५०/६००.६), सुमारे ४०० जूल. छोटा वाटतो, पण सक्रियता त्यानं ९ टक्के हलते.

मग रेडलिख-किस्टर मालिका (१९४८): आदर्श मिश्रणापेक्षा जास्तीची, म्हणजे अतिरिक्त, ऊर्जा पदापदानं मांडायचं सूत्र. कथलाचा मोल अंश क, शिशाचा श; ल०, ल१, ल२ हे मोजमापांवरून काढायचे गुणक:
अतिरिक्त मुक्त ऊर्जा = क × श × [ल० + ल१(क−श) + ल२(क−श)² + …]

ऊर्जेला क×श नं भागून (क−श) समोर आलेख काढला. सरळ रेघ आली तर दोन गुणक पुरतात. मात्र गुणक याच आलेखावरून काढू नयेत: क = ०.०५ पाशी भागाकारानं मोजमापातली चूक २१ पट फुगते, मध्यभागी फक्त चौपट. मी न भागलेल्या ऊर्जेवरच लघुतम वर्ग पद्धत (चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी ठेवणारी) लावली.

चौथं पद घातल्यावर चूक आणखी घटली, पण ते फसवं होतं. खरी परीक्षा दुसऱ्या विकलजात, म्हणजे ऊर्जेचा वक्र किती वळतो त्यात. भाटिया आणि थॉर्नटन यांची १९७० ची राशी, म्हणजे वायू स्थिरांक × तापमान भागिले मिश्रण-ऊर्जेचा दुसरा विकलज, काढली तर वक्राला नसते उंचवटे आले. पद काढून टाकलं. आदर्श मिश्रणात ही राशी क×श इतकी, मध्यभागी ०.२५. फक्त ल० ठेवून तो वायू स्थिरांक × तापमान इतका धरला तर ०.५ येते: सजातीय अणू एकमेकांना धरून राहतात. ल० दुप्पट केला की छेद शून्य, म्हणजे द्रव दोन थरांत फुटायच्या उंबरठ्यावर. कथील-शिशाचा रस कुठल्याही प्रमाणात एकजीव होतो; म्हणून तसं दिसलं की मी आधी एककं तपासतो. तक्त्यातले जूल कॅलरी समजून ४.१८४ नं गुणले, किंवा जुन्या तक्त्यांतल्या कॅलरींना ४.१८४ नं दोनदा गुणलं, की हेच होतं.