बाळंतिणीचा ताण आणि बाळाचा मेंदू

लेकराला जवळ घेतलं की ते शांत होतं, हे खान्देशातल्या कुठल्याही आजीला सांगावं लागत नाही. त्या शांतपणाची मेंदूत नोंद कशी राहते, हे मात्र उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं.

काम माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातलं, मायकेल मीनी यांच्या गटाचं. उंदराची मादी पिल्लांना चाटते. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात काही माद्या खूप चाटतात, काही कमी. पण खूप चाटलेली पिल्लं मोठेपणी कमी भितात आणि घाबरली तरी लवकर सावरतात. १९९७ साली या गटानं दाखवलं की अशा पिल्लांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या आठवणी सांभाळणाऱ्या भागात तणावाचं संप्रेरक ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, जास्त असतात. संकट आलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी हे संप्रेरक सोडतात. माणसात ते कॉर्टिसॉल, उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन. ग्राहक भरपूर असले की ‘आता पुरे’ हा निरोप मेंदूत लवकर पोचतो आणि संप्रेरक सुटणं थांबतं. ग्राहक कमी असले तर संकट टळल्यावरही ते रक्तात रेंगाळतं.

मग हे आईच्या रक्तातून आलं की कुशीतून? १९९९ मध्ये पिल्लांची अदलाबदल करून पाहिली. कमी चाटणारीच्या पोटची पिल्लं जास्त चाटणारीकडे वाढली, तेव्हा ती वाढवणाऱ्या आईसारखी निघाली आणि त्यांतल्या माद्यांनी पुढे स्वतःची पिल्लंही तशीच चाटली. २००४ मध्ये यंत्रणाही सापडली. कमी चाटलेल्या पिल्लांत ग्राहक बनवणाऱ्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट जास्त चिकटलेले असतात, म्हणून ते जनुक मंद चालतं. जनुक तेच असतं, त्याचा आवाज तेवढा कमी होतो.

आपल्याकडे ही माहिती पसरते ती ‘चांगली आई, वाईट आई’ असा शिक्का मारायला. मला ते पटत नाही. याच गटाच्या पुढच्या कामात दिसलं की जास्त चाटणाऱ्या मादीलाही गाभणेपणी ताण दिला तर ती कमी चाटू लागते. उलट, कमी चाटलेल्या पिल्लांना दूध तुटल्यावर सोबती आणि हुंदडायला मोकळी जागा दिली, तर त्यांतल्या माद्या पुढे जास्त चाटणाऱ्या आया होतात. दोष मादीचा नव्हे, तिच्यावरच्या भाराचा. माणसांत बाळांची अशी अदलाबदल करता येत नाही, त्यामुळे उंदरांचे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. पण भार कमी करायला कुठल्याच प्रयोगाची वाट पाहायला नको.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तेव्हा सव्वा महिना तरी बाई बाजेवर असते. दुसऱ्या खेपेला सासरी, त्यात कापूस वेचणीचे दिवस असले, तर ती लवकरच कामाला लागते. स्वयंपाक, पाणी, धुणं दुसऱ्या कुणी उचललं तरच तिचे हात बाळासाठी मोकळे होतात. बाळाच्या मेंदूसाठी घरच्यांनी करायचं पहिलं काम हेच.

अडीच किलोच्या आतल्या बाळाला छातीशी धरणं, म्हणजे कांगारू पद्धत, हे औषधच आहे. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी, मोजे. त्याला आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका कुशीला आणि हनुवटी किंचित वर. वरून जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधायची, वरची कड कानाच्या पाळीखाली येईल अशी. एका वेळी निदान तासभर, दिवसात मिळून ८ ते २४ तास. चुकतं ते दोन ठिकाणी. हनुवटी छातीवर टेकली की श्वास अडतो, आणि पट्टी सैल असली की बाळ घसरून नेमकं तसंच होतं. आई थकली तर बाप किंवा आजीनं छातीशी घ्यावं. जळगावच्या मे महिन्यात लोकरीचं काही नको, सुती टोपी पुरते. कूलरचा झोत मात्र अंगावर नको. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावं. बंद खोलीत शेगडी आणि ओव्याची धुरी तर नकोच. त्या धुरानं माय-लेकरं दोघं गुदमरतात.

बाळंतिणीला पहिल्या काही दिवसांत रडू येणं नेहमीचं. दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, भूक नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, तर ते ‘बाहेरचं’ नव्हे, आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या बाळाला तपासत असतात तेव्हाच हे त्यांच्या कानावर घालावं, सासूसमोर बोलवत नसेल तर दाराबाहेर नेऊन. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि रात्रीही लागतो. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतंय, असं ती एकदा जरी म्हणाली, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.