बदललेल्या आवाजाची गायकी

कोल्हापूर, एकादशी

आज संध्याकाळी गायन समाज देवल क्लबमध्ये सावनी राग ऐकला, आणि गेले वर्षभर मनात साठत आलेले लिहून काढावेसे वाटले. स्वरयंत्राच्या कर्करोगावरचे माझे उपचार पूर्ण झाले, गाठ गेली, तपासण्याही समाधानकारक आहेत. परंतु किरणोपचाराने स्वरतंतू ताठर आणि कोरडे होतात, त्यामुळे माझा आवाज जाड, खरखरीत राहिला असून तो तारषड्जापर्यंत, म्हणजे वरच्या ‘सा’पर्यंत, पोहोचत नाही. वर्गात शिकवण्यात जिचा जन्म गेला आणि रोज सकाळी जी तंबोरा जुळवून रियाजाला बसत असे, तिच्या दृष्टीने बरे होणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न केसपेपरवर कुठेच नव्हता.

किरणोपचाराच्या वेळी चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा टेबलाला घट्ट बसवतात, कारण मान तसूभरही हलून चालत नाही. त्या काही मिनिटांत मी मनातल्या मनात विलंबित तीनतालाच्या सोळा मात्रा मोजत असे. समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, लक्ष असेपर्यंत भीतीला आत शिरायला जागा मिळत नसे. तेव्हा गाणे माझा आधार होते. उपचार संपल्यावर मात्र तेच गाणे सोसवेना, आणि कित्येक महिने तंबोऱ्याची गवसणी मी काढलीच नाही.

जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक गायक अल्लादियाखाँसाहेब यांची हकीकत मला खऱ्या अर्थाने भिडली ती याच काळात. ती कोल्हापुरातल्या जाणत्या श्रोत्यांना ठाऊक आहे. खाँसाहेबांचा जन्म १८५५ चा. तरुण वयात दरबारी सेवेत अतोनात गावे लागल्याने त्यांचा आवाज बसला, आणि पुष्कळ काळाने परतला तेव्हा त्यात पूर्वीची तरलता उरली नव्हती. जुन्या आवाजाची नक्कल करण्यात आयुष्य न घालवता, जो आवाज हाती आला त्याला पेलेल आणि शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली: मात्रेच्या पोटात शिरून चालणारी, पेचदार तानांची, सुराला लयीपासून क्षणभरही सुटू न देणारी. शाहू महाराजांच्या आश्रयाने ती या गावात रुजली, आणि पुढे केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या भरदार, निकोप गळ्यांनीही तीच आपली मानली. दुखावलेल्या आवाजाची गरज म्हणून जे घडले, ते धडधाकट आवाजांना आदर्श वाटावे, हे मला आजही विलक्षण वाटते. आजारामुळे कला उमलते, असे मात्र कोणी म्हणू नये. आजारात उपकारक असे काही नसते. जे घडले ते खाँसाहेबांच्या बुद्धीने आणि कष्टाने घडले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांवरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. वेदना, चिंता, एकटेपणा यांवर कलेचा उपयोग होतो, असा त्याचा रोख आहे, आणि माझा अनुभव त्याला दुजोरा देतो. पण ‘आता मी कोण?’ या प्रश्नाची बाजू मला त्या अहवालापेक्षा अधिक स्पष्ट करून दिली ती पन्हाळ्याकडच्या एका शेतकऱ्याने. उपचारांच्या दिवसांत आम्ही एकाच बाकावर नंबर येण्याची वाट पाहत बसायचो. ते गावच्या भजनी मंडळात अभंगाला चाल देणारे; त्यांचा आवाज तर माझ्याहून अधिक गेला. पुढे तपासणीच्या दिवशी भेट झाली तेव्हा मी भीतभीतच भजनाची चौकशी केली. ते म्हणाले, “जातोय की ताई, दर एकादशीला. गळा गेला, टाळ कुठं गेलाय? मंडळी माझी जागा धरून ठेवत्यात.”

ते उत्तर मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. दवाखान्यात माणूस रुग्ण असतो, घरी जपण्याची वस्तू होतो. भजनात ते टाळकरी आहेत, त्यांचा ठेका चुकला तर अभंग अडखळतो. आपल्यावाचून काहीतरी अडते, ही जाणीव कोणत्याही सांत्वनाने देता येत नाही. परंपरा ती देऊ शकते, कारण तिच्यात अनेक कामे असतात आणि एक हातातून निसटले तर दुसरे धरता येते.

गेल्या महिन्यापासून मी पट्टी बरीच खाली उतरवून मंद्र सप्तकात गाते आहे. शेजारच्या दोन मुली शिकायला येतात. वरचे स्वर त्या पेटीवर धरतात, आणि लय, बोलांची फेक, समेवर येण्याची वाट मी सांगते. खर्जात आवाज पुष्कळ वेळ टिकतो, हे आता ध्यानात आले आहे, आणि खाँसाहेबांच्या घराण्यातले अनवट राग त्यांच्या आडवळणांसह नीट समजून घेण्याची ओढ मला पूर्वीपेक्षा अधिक आहे. पुढच्या तपासणीला गेल्यावर डॉक्टरांना हे आपणहून सांगणार आहे, आणि वाचा-उपचार करणाऱ्या ताईंना मंद्रातले पलटे ऐकवून, या गळ्याने रोज किती वेळ गावे, ते विचारून घेणार आहे.